एफ-वनच्या खिडकीतली ओळ

काल चाकणच्या कंपनीत स्टोअरचं दार उघडलं, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो आंबूस वास आला आणि बाबांचा शर्ट आठवला. ते इथेच स्टोअरकीपर होते. बारा वर्षांपूर्वी आमच्या आयटी कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवायला हिंजवडीहून मीच आले होते. कीबोर्डवरचं एफ-वन दाबलं की मदतीची खिडकी उघडायची आणि तिच्यातला मजकूर प्रत्येक कंपनीला हवा तसा बदलता यायचा.

बाबा हरखले. एकेक अक्षर शोधत, एका बोटाने त्यांनी टाइप केलं, "चुकलं तरी घाबरू नका. मला हाक मारा, मी शेजारीच आहे."

"बाबा, मदतीत असं लिहीत नाहीत," मी सगळ्यांदेखत म्हणाले आणि ती ओळ पुसून माझं वाक्य टाकलं. केवढा तोरा होता माझा!

"बरं बाई, तुला जास्त कळतं," म्हणत ते रॅककडे वळले.

या दिवाळीनंतर बाबा गेले. काल ते जुनं सॉफ्टवेअर काढायला मी त्यांच्याच खुर्चीत बसले होते. काढायच्या आधी एकदा एफ-वन दाबलं. माझं वाक्य जसंच्या तसं होतं, "अधिक माहितीसाठी संबंधित व्यक्तीशी संपर्क साधावा."