चौकातली हिरवी हवा

हिवाळ्यातल्या संध्याकाळी आमचा चौक स्वप्नातल्यासारखा दिसायचा. पाणी फवारणारी गाडी येऊन उभी राहायची, ओल्या धुळीचा वास सुटायचा आणि बारीक तुषारांतून हवेच्या पाटीचा हिरवा उजेड थेट आमच्या ओट्यापर्यंत पसरायचा. ही पाटी नगरपालिकेनं बसवलेली. हवा चांगली असली की हिरवी, बेताची असली की पिवळी आणि लाल झाली की घरात बसा. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून डोळे मिटून बसत. "मांडूच्या डोंगरावर धुक्यात बसल्यासारखं वाटतं बघ," म्हणत. मलाही तसंच वाटायचं. मग त्यांना खोकल्याची उबळ यायची आणि मी पाणी आणायला आत पळायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवा चांगली असेल तेव्हाच बाहेर बसायचं. बाबा रोज पाटी बघूनच उंबरा ओलांडत. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या धार संस्थानात चाकरी केली. संस्थान गेलं, पण सरकारी अक्षरावरचा विश्वास काही गेला नाही. पाटी हिरवी म्हणजे हवा चांगली, यावर घरात दुमत नव्हतं. मग खोकल्याचं खापर बाबांनी स्वतःवरच फोडलं. "हवा तर बढिया आहे. माझीच छाती दगा देते आहे."

हळूहळू त्यांनी सगळ्यातूनच मन काढून घेतलं. नवा स्वेटर घेऊ म्हटलं तर म्हणायचे, "कशाला? किती दिवस घालायचाय?" मला असा राग यायचा! तो राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

एकदा दूध आणायला निघाले तर गाडी नुकतीच येऊन थांबली होती. चौकातल्या नळावर तिची टाकी भरते. पाटीचं हवा मोजणारं यंत्र नळाला अगदी खेटून. टाकी भरली आणि ड्रायव्हरनं तिथेच फवारा सोडला. यंत्र भिजलं, आजूबाजूची धूळ बसली, पाटी हिरवीगार. पलीकडे वाळक्या पानांचा ढीग खुशाल धुमसत होता.

"भिया, इथेच का सोडता पाणी?" मी विचारलं.

"बेनजी, टंकी यहीं भरता हूँ, तो पहली धार भी यहीं छोड़ देता हूँ. नोजल साफ हो जाता है."

त्या बिचाऱ्याच्या मनात काहीच नव्हतं. मी मात्र पेचात पडले. सांगावं तर हिरवा उजेड जाणार, आणि तेवढा एक ओटाच तर बाबांकडे उरला होता. न सांगावं तर ते तोच धूर छातीत भरत राहणार.

शेवटी नगरपालिकेत गेले. तिथली अधिकारी माझ्याहून लहान, आपल्यातलीच, मराठी. "ताई, खरं सांगू? ये तो हमने सोचा ही नहीं," म्हणाली आणि दुपारी स्वतः येऊन बघून गेली. टाकी भरल्यावर पाणी थेट बाजाराच्या रस्त्यावर सोडायचं ठरलं. वाळकी पानंही न जाळता ट्रॉलीनं उचलायची, असं ठरलं.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी बाबा नेहमीसारखे खुर्ची घेऊन दारात आले आणि थबकले. तुषारांचं धुकं नव्हतं. पाटी लाल होती. मी मागे जीव मुठीत धरून उभी. आता हे अंथरूण धरणार, असंच वाटलं.

"लाल?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. गाडी, नळ, यंत्र, धुमसणारी पानं. ते ऐकत राहिले. मग हसायला लागले, खोकले, आणि पुन्हा हसले.

"म्हणजे माझी छाती खरं तेच बोलत होती गं!"

त्यांनी खुर्ची आत घेतली आणि दार स्वतःच्या हातानं लावलं. जरा वेळानं म्हणाले, "उद्या मला त्या ऑफिसात घेऊन चल. पानं अजून कोण जाळतंय, ते मी विचारतो त्यांना."

किती तरी महिन्यांनी बाबा उद्याचं काहीतरी बोलले होते. मला रडूच कोसळलं.