पाळण्यातली जावयाची गादी

आमचा थोरला त्याच्या आजोळी, आळ्याला जन्मला. निरोप जुन्नरला पोचला तेव्हा मी जेवत होतो, आणि आई अजून सांगते की पुढचा भात मी आमटीऐवजी ताकाच्या भांड्यात कालवला.

रीतीप्रमाणे पाळणा आजोळचा, आणि त्यात अंथरायचं तेही आजोळचंच. तेसुद्धा जुनेर: आजीचं नाहीतर पणजीचं, धुऊन धुऊन विरविरीत झालेलं लुगडं. मला हे पटेना. त्या हिवाळ्यात दौऱ्यावरच्या एका साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला होता आणि त्याच्या लेकराचं अंथरूण मी दुरून पाहिलं होतं. पांढरंशुभ्र, टम्म फुगलेलं. माझा मुलगा मात्र जुनेरावर झोपणार, हे मनाला लागलं. मी पिंजाऱ्याच्या दुकानी गेलो.

"सावरीचा कापूस भरा," म्हटलं. "बाळाला काही टोचता कामा नये."

"किती भरू?"

"मावेल तेवढा."

"मग राव, बाळासंगं तुमीबी झोपा," असं म्हणून त्यानं मावेल तेवढा भरला. वर मी दोन छोटे लोड आणि एक रजई शिवून घेतली.

बारशाच्या दिवशी हे सगळं बैलगाडीतून सासुरवाडीला नेलं. सासूबाईंनी गादीवर हात ठेवला, तो मनगटापर्यंत आत गेला. "लई मऊ हाय," एवढंच त्या बोलल्या. सासरे आढ्याकडे बघत राहिले. जावयानं आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची त्या घरात सोय नव्हती. गादी मुकाट्यानं पाळण्यात गेली.

माझी बायको वडीलधाऱ्यांदेखत माझ्याशी बोलत नसे. तिनं पोर छातीशी घट्ट धरलं आणि त्यालाच सांगितलं, "बाळा, इचार तुझ्या बापाला, ह्यात तू घावशील का आमाला?"

मला वाटलं, कौतुक चाललंय. मी मान डोलावली.

पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालून बायका पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे देतात, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणतात, मग आत ठेवतात. चुलतसासूबाईंनी ठेवला. वरवंटा हळूहळू खाली गेला. दोन्ही बाजूंनी गादी वर आली, लोड त्याच्यावर कलंडले आणि वरून रजई घसरली. कुंचीचं टोकही दिसेना.

"आगं बया, गोपाळ कुठं गेला?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

चुलतसासूबाईंनी कोपरापर्यंत हात घालून त्याला चाचपून काढलं. कुंची फिरून पुढची बाजू गादीत रुतली होती. "पालथा पडला व्हता," त्या म्हणाल्या, आणि हसणं थांबलं.

बायको पाळण्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मघापासून तिला जे दिसत होतं ते मला आता दिसलं. वरवंट्याच्या जागी आमचं पोर, गादीत नाक रुतलेलं.

तरी गादीला कुणी हात लावेना. बाळाला आत घातल्याशिवाय नाव ठेवता येईना, आणि जावयाची गादी जावयाशिवाय काढणार कोण? शेवटी बायकांच्या घोळक्यात शिरून मी गादी, लोड, रजई सगळं उपसलं आणि काखेत मारून विचारलं, "मामी, एखादं जुनं लुगडं मिळेल का?"

सासूबाईंनी ते पाटाखालून काढलं. घडी घालून तयारच होतं. पाळण्याच्या तळाशी त्यांनी ते ताणून, कडा घट्ट खोचून अंथरलं. बाकी आत काही नाही.

तेव्हा कुठं बायकोनं पोराला खाली ठेवलं, उताणं. त्यानं हातपाय ताणले, जांभई दिली आणि नाव ठेवायच्या आधीच झोपी गेला. माझी बहीण, म्हणजे त्याची आत्या, कानात नाव सांगायला वाकली.

"वन्सं, हळू सांगा," बायको म्हणाली. "उठंल त्यो."