सहावी पेटी

रशीदभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका पेटीचं झाकण बसवत होतो. त्यांचा थोरला मुलगा सलीम सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राहिला. "बसूचाचा, अब्बा गेलं... झोपेतच." मी हातातला स्क्रू आधी पुरता आवळला आणि मग उठलो. कुणाला हे निर्दय वाटेल. पण स्क्रू अर्धवट सोडून उठलेलं रशीदभाईंना मेल्यावरही खपलं नसतं. त्याला आता दीड महिना झाला. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द कुणीही लिहील. मला मात्र एक गोष्ट कबूल करायची आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही दोघं एकाच शेडमध्ये होतो. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मी जुळवायचो, आणि ते बसवायला गिऱ्हाइकाच्या मापानं पत्र्याच्या पेट्या रशीदभाई बनवायचे. पेटी एका दिवसात व्हायची, पण तिचे स्क्रू निवडायला हा माणूस सोयरीक जुळवावी इतका वेळ घ्यायचा. पेटी चंदगडकडे जाणार असेल तर स्क्रू पितळीच, कारण तिकडच्या पावसात लोखंड टिकत नाही. झाकणाचा स्क्रू असा आखूड, की त्याचं टोक आतल्या वायरला टोचणार नाही. आणि कुठलाही स्क्रू दोन बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. "डिसमिस फकस्त शेवटच्या पाव आट्याला," स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवत ते म्हणायचे. "आधीच जोर लागला तर समज, जोडी जमली न्हाय." मी चेष्टा करायचो, "रशीदभाई, पेटी बनवतोय आपण, पोरीचं लग्न नाही." ते हसायचे नाहीत.

त्या वर्षांत बाजारातून इंची माल जाऊन मिलीमीटरचा माल येत होता. डोळ्याला दोन्ही स्क्रू सारखेच दिसायचे. इंची आट्यांत मिलीमीटरचा स्क्रू दोन फेरे सुखानं जातो, मग अडतो. डिसमिसनं पिळला की हाताला वाटतं, काय घट्ट बसलाय! प्रत्यक्षात त्याचं डोकं वायरपर्यंत पोचलेलंच नसतं. म्हणून आमच्याकडे दोन डबे वेगळे होते, आणि रशीदभाई नसताना त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता.

रशीदभाई मेहुण्याच्या लग्नाला मलकापूरला गेले, आणि नेमका तेव्हाच माल नेणाऱ्या कंत्राटदाराचा टेंपो दारात आला. इंची आट्यांच्या सहा पेट्या तयार होत्या, फक्त अर्थिंगचे स्क्रू राहिले होते. पेटीत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर करंट माणसात न शिरता जमिनीत जावा म्हणून जी वायर लावतात, तिचा हा स्क्रू. मी हाताला आला तो डबा ओढला. स्क्रू अडले, तेव्हा डिसमिसनं पिळले. घाई होती, आणि शहाणपणाची घमेंडही होती.

आठवड्यानं रशीदभाई परत आले, तेव्हा त्यांनी इंची डबा उचलून पाहिला. "बसू, ह्यातनं एकबी कमी न्हाय. मग सहा पेट्यांस्नी लावलंस काय?" मी मिलीमीटरच्या डब्याकडे बोट केलं. त्यांनी टोपी घातली, कंत्राटदाराकडून गावं लिहून घेतली आणि आम्ही पहिली आजऱ्याची एस.टी. धरली.

आजऱ्याच्या काजूच्या कारखान्यात गंगव्वा नावाची बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती, आणि तिचा हात आमच्या पेटीच्या बटणाकडे चालला होता. "हात काढ गं बाई!" रशीदभाई असे ओरडले की सगळा कारखाना थांबला. वीज बंद करून झाकण काढलं. आतली वायर पत्र्याच्या कडेला घासून तांबं उघडं पडायला आलं होतं, आणि मोटरच्या हादऱ्यांनी ढिला झालेला अर्थिंगचा स्क्रू रशीदभाईंनी नुसत्या बोटांनी काढला. गंगव्वानं विचारलं, "काय झालं ओ?" "काय न्हाय. माजी चूक हुती," ते म्हणाले. मी शेजारी उभा होतो.

आठवड्यात पाच पेट्या सापडल्या. सहावी कंत्राटदारानं चंदगडच्या बाजारात कुणा अनोळखी माणसाला विकली होती. नाव विचारलं नव्हतं.

तिथून पुढे रशीदभाई पेपर मागच्या पानापासून वाचू लागले. त्या भागात कुठे शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आली, की दुसऱ्या दिवशी ते एस.टी.त असायचे. एकदा मीही गेलो. पाऊस कोसळत होता, घरात रडारड चालली होती. ओसरीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं कुठलं?" "कोल्हापूरचं. तुमची मोटरची पेटी बगायची हाय." म्हाताऱ्याला काही उमजलं नाही, पण त्यानं दाखवली. पेटी आमची नव्हती. येताना मी सुटल्यासारखा श्वास टाकला, तेव्हा खिडकीबाहेर बघत रशीदभाई म्हणाले, "आज न्हवती." मला आजही ते दोन शब्द पुरतात, झोप उडवायला.

मातीच्या दिवशी भाभींनी माझ्या हातात एक पत्र्याची डबी ठेवली. "त्येनी सांगून ठिवलतं, ही बसूला द्या." आत कागदाच्या सहा पुड्या होत्या. पाचांवर गावांची नावं, प्रत्येकीत मी लावलेला एकेक स्क्रू. सहावी पुडीही नीट घडी घालून ठेवलेली. तिच्यावर नाव नव्हतं, आत काही नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस माझी चूक आपली म्हणून गावोगाव फिरला, आणि मी फिरू दिलं. याची मला लाज वाटते.

म्हणून हे जाहीर लिहितो. चंदगडच्या बाजूला कुणाच्या गोठ्यात, गिरणीत, विहिरीवर हिरव्या रंगाची, आडव्या फटींची पत्र्याची पेटी असेल, तर तिला ओला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मग झाकण काढून डावीकडच्या कोपऱ्यातला पितळी स्क्रू दोन बोटांनी फिरवून बघा. तो सुटून हातात आला, तर मला फक्त गावाचं नाव कळवा. डबी माझ्या टेबलावर उघडीच आहे.