आठ दिवस खिशात

त्यांच्या प्रत्येक विजारीच्या उजव्या खिशाला आतून चामड्याचे अस्तर होते. ते त्यांच्या पत्नीने शिवलेले होते आणि त्यामागे प्रेमापेक्षा वैतागाचा वाटा मोठा होता. खिसे फाटत, मांडी खरचटे, आणि माणूस काही ऐकत नसे. त्या खिशात नेहमी एक चाकू असे, आणि त्याचे पाते नेहमी वाकडे असे.

चाळीस वर्षे त्यांनी कचेऱ्यांतून आणि घरांतून गालिचे अंथरले. गालिचा कापायला पाते आत वळलेले लागते. सरळ पाते घसरते आणि खालची जमीन ओरबाडते. त्या एका गरजेतून नाद लागला, आणि गल्लीने त्यांना वाकडेमामा केले. ओसरीच्या भिंतीवर आता दोनशे सात चाकू होते: झाडांची कलमे करायचे, जनावरांचे खूर तासायचे, चामडे सोलायचे, जाळ्याची दोरी कापायचे. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. चाकू कुठून आला, कोणाच्या हातचा होता, कोणत्या कामाचा होता.

मामांचा नियम एकच होता. भिंतीवर जाण्याआधी चाकू आठ दिवस त्यांच्या खिशात राहायचा आणि त्याच्या स्वतःच्या कामाला लागायचा. खूर तासायच्या चाकूपायी त्यांनी आठ सकाळी एका तबेल्यात काढल्या होत्या आणि एक लाथ खाल्ली होती. कलमाच्या चाकूसाठी रोपवाटिकेत राबले, तेव्हा वीसपैकी दोन कलमे जगली. "उरलेल्या अठरांनी माझी लाज काढली," असे ते सांगत. पण चिठ्ठीवर तेही लिहिलेले होते.

आता घर सोडायचे होते. पत्नीचे गुडघे जिना चढू देईनात. लेकीच्या इमारतीला लिफ्ट होती, पण खोल्या दोनच. लेकीने फितीने भिंत मोजून सांगितले होते, "बाबा, तुम्ही दोघं मावता. हे दोनशे पाहुणे नाही मावत." शनिवारी भंगारवाल्याला बोलावले होते. त्याआधी एकच आशा उरली होती. पलीकडच्या रस्त्यावरच्या तंत्रशाळेत हत्यारांची एक खोली रिकामी होती, आणि तिथल्या भांडारप्रमुख बाई गुरुवारी दुपारी भिंत पाहायला येणार होत्या.

बाई आल्या त्या कानामागे पेन्सिल खोचून. स्वभावाने त्या अविश्वासू नव्हत्या, अनुभवाने झाल्या होत्या. मागे एकाने भाजीची सुरी सेनापतीची म्हणून त्यांच्या गळ्यात मारली होती. तासभर त्या एकेक चिठ्ठी वाचत पुढे सरकत राहिल्या.

"दोनशे सात चिठ्ठ्या आणि एकीवरही खाडाखोड नाही," त्या म्हणाल्या. "मला हे काही बरं लक्षण वाटत नाही, काका."

"अक्षर चांगलं आहे, ही चूक झाली का?"

"न चुकणाऱ्या नोंदी मी पुष्कळ पाहिल्यात. बहुतेक एका बैठकीत लिहिलेल्या असतात."

"एका बैठकीत कुठलं," आतून पत्नीचा आवाज आला. "जन्मभर तिथंच बैठक आहे त्यांची."

एकसष्टाव्या चाकूपाशी बाई थांबल्या. चिठ्ठीवर लिहिले होते: गालिच्याचा चाकू, टोक तुटलेले. त्यांनी तो खिळ्यावरून काढला आणि टोकावरून अंगठा फिरवला.

"हे तुटलेलं नाही. तुटलं असतं तर बोटाला कड लागली असती. कोणीतरी मुद्दाम घासून गोल केलंय."

"वापरून झिजलं असेल."

"मग पातंही झिजलं असतं. काका, माझी आई गाद्या दुरुस्त करायची. तिच्या हातात असाच चाकू होता. वरची खोळ उसवायची आणि आतल्या अस्तराला धक्का लावायचा नाही. टोक असतं तर आत घुसलं असतं."

मामांना हे रुचले नाही. वाकड्या पात्यांच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवल्याला बरीच वर्षे झाली होती.

"तुम्ही तर प्रत्येक चाकू आठ दिवस वापरता ना?" बाईंनी विचारले. "मग हा वापरताना काय जाणवलं?"

वापरला होता म्हणणे सोपे होते. पडताळायला कोणी येणार नव्हते, आणि शनिवार दोन दिवसांवर होता. मामांनी चाकू हातात घेतला, त्याच्या गोल टोकाकडे पाहिले.

"हा नाही वापरला," ते म्हणाले. "मोडका समजलो. मोडक्यावर आठ दिवस कशाला घालवायचे, असं वाटलं. सवड मिळाली की नवं टोक काढू म्हणून टांगला. त्याला झाली बारा वर्षं."

"यांच्या आळसानं काहीतरी वाचल्याचं पहिल्यांदाच ऐकतेय," पत्नी दारात येऊन म्हणाली.

टाकून द्यायची एक जुनी गादी कोपऱ्यात उभी होती. मामांनी ती आडवी पाडली आणि गुडघ्यांवर बसले. पाते शिवणीखाली सरकवून ओढले. टाके तटातट सुटत गेले, खोळ फुलपाखरासारखी दोन्ही बाजूंना उलगडली, आणि आतले अस्तर जसेच्या तसे राहिले. त्यांनी दुसरी बाजूही उसवली. त्याची गरज नव्हती. मग उठून चिठ्ठी काढली, जुन्या ओळीवर एकच रेघ मारली, अशी की खालची चूक वाचता यावी, आणि तिच्याखाली लिहिले: गादी उसवायचा. टोक मुद्दाम गोल. बारा वर्षे चुकीची नोंद.

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "न वापरलेले आणखी किती आहेत?"

मामांनी भिंतीवर नजर फिरवली. चार चाकू त्यांनी न शोधताच काढून टेबलावर मांडले. कोणते, हे त्यांना कायम ठाऊक होते. "हे चार. कोणी म्हणालं शेवाळ कापायचा, कोणी म्हणालं दोर वळणाऱ्याचा. ऐकीव माहिती लिहून टाकली मी."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या.

"दोनशे दोन घेते," अखेर त्या म्हणाल्या. "उरलेले पाच तुमच्याकडेच. प्रत्येकाचे आठ दिवस भरा, चिठ्ठी दुरुस्त करा आणि मगच शाळेत आणा. तोवर पाच खिळे रिकामे ठेवते."

"पाती बोथट करणार का?" हा प्रश्न मामांनी तासभर गिळून ठेवला होता.

"बोथट केली तर तुमची चिठ्ठी खोटी ठरेल. शाळेतल्या हत्यारांच्या खोलीत टांगणार, आणि कशी चालतात ते तुम्हीच येऊन दाखवणार."

"लावलंत ना यांना कामाला," पत्नी बाईंना म्हणाली. "आता नव्या विजारींना पण अस्तर लावा म्हणतील."

शनिवारी भंगारवाल्याच्या गाडीत एक उसवलेली गादी तेवढी गेली.

सोमवारी मामा ठरल्याप्रमाणे एकसष्टावा चाकू खिशात घालून बाईंच्या घरी पोचले. बाईंची आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती आणि तिच्या पायांशी एक जुनी गादी आधीच टाकून ठेवलेली होती. मामांनी चाकू काढला, चाळीस वर्षांच्या सवयीने मुठीत धरला आणि खाली वाकले. म्हातारीने चष्मा वर सारून क्षणभर पाहिले.

"उलटा धरलात," ती म्हणाली. "या, इकडे बसा."