साखरेच्या डब्याचा लाल दोरा
मार्करचा वास आला की आखातातल्या करामा वस्तीतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आई दर शुक्रवारी घरकाम करणाऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची. वर्गाच्या शेवटच्या दिवशी केक आणला होता. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशीही त्या वर्गात होत्या. त्यांनी मिठासाखरेचे सारखे डबे ओळखायला साखरेला लाल दोरा बांधला होता. सगळं घर त्या दोऱ्यावरच चालायचं. केक कापायच्या आधी त्यांनी तो सोडला आणि दोन्ही डब्यांवर मार्करनं नावं लिहिली. टाळ्या झाल्या. मग आईनं गप्पांच्या नादात नाव न वाचताच हाताला आलेला डबा उचलून चहा केला. पहिल्याच घोटाला मावशी ओरडल्या, "अहो ताई, मीठ घातलंत! दोरा खलास, आता वाचायचं!" आज शारजात माझे डबे काचेचे आहेत, तरी चहा करताना मी साखरेचं नाव मोठ्यानं वाचते.