फणसाच्या दारांची गाडी

लाकडी अंगाच्या लांब गाड्या मी आयुष्यात तीनच पाहिल्या. तिन्ही आजही डोळे मिटून काढून दाखवीन. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे कागदावर माझा हात थरथरतो. बँकेत सही करतानासुद्धा. पत्र्यावर मात्र थरथरत नाही.

पहिली गाडी पाहिली ती माहेरी, कुडाळजवळ, गोव्याच्या रस्त्याला. तिथे वडिलांचं रंगकामाचं दुकान होतं. पत्र्याच्या ट्रंका आणि स्वस्तातले दरवाजे रंगवून ते त्यांच्यावर लाकडाच्या रेषा अशा ओढायचे, की गिऱ्हाईक कपाट विकत घेतल्यासारखं ट्रंक घेऊन जायचं. एकदा गोव्याकडून एक मोटार आली. पुढून चारचौघींसारखी, मागून खोलीएवढी लांब, आणि दोन्ही अंगांना लाकूड. दार कुठेतरी घासलं होतं, तेवढं दुरुस्त करून हवं होतं. मी हळूच तळवा टेकवला तर गार लागलं. लाकूड असं गार लागत नाही. वडील हसले आणि म्हणाले, हे आपल्याच जातकुळीचं काम आहे. मोटारीनं कपाटाचं सोंग घेतलं होतं, सगळ्यांना ते दिसत होतं, आणि तरी कुणी फसवल्यासारखं वाटत नव्हतं. त्या दिवसापासून रस्त्यानं लांब गाडी दिसली की मी आधी तिची बाजू बघते.

आमचे हे तेव्हा कुडाळच्या एका गॅरेजात पत्राकाम शिकायला होते. तिथूनच लग्न जमलं आणि दोन एस्ट्या, एक रेल्वे करून मी हिंगोलीला येऊन पडले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. समुद्र नाही, माड नाही, आणि माझ्या बोलण्याला हेल. सासऱ्यांचं गॅरेज आखाडा बाळापूरच्या रस्त्याला होतं. सासऱ्यांना इकडे मामा म्हणतात. गॅरेजातला मोठा मिस्त्री मला विचारायचा, "वहिनी, बोलून राहिल्या का गाऊन राहिल्या?" मी हसायचे, आणि घरी जाऊन तेच वाक्य त्याच्यासारखं म्हणून बघायचे.

गॅरेजात एक फळी होती. तिच्यावर ज्याच्या त्याच्या नावाचा खिळा. आपली हत्यारं आपल्या खिळ्याला टांगायची. ज्याचा खिळा नाही, त्यानं गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा नाही, हा मामांचा कायदा. माझा खिळा असण्याचा प्रश्नच नव्हता. मी डबा आणायचे, चहा करायचे, बायकांच्या जातीला गॅरेजात एवढंच. वडिलांनी मोटारीच्या टायरच्या तुकड्याला दाते पाडून केलेली, लाकडाच्या रेषा ओढायची रबराची फणी माझ्या ट्रंकेत साड्यांखाली होती. तीन वर्षं ती तिथेच राहिली.

मग दुसरी गाडी आली. गुरांचे एक निवृत्त डॉक्टर होते, त्यांची. सरकारी पांढऱ्या गाड्या असतात ना, त्यांचीच लांब शेपटाची बहीण. मागच्या जागेत ते आजारी शेळ्या-मेंढ्या घालून आणायचे. हौसेनं त्यांनी दोन्ही बाजूंना सागवानी पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. पाऊस आणि शेळ्यांचं मूत यांनी त्या पट्ट्या कुजून गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, लाकूड काढून टाका, खालचा पत्रा सारखा करा आणि पांढरा रंग मारा. बोलताना ते एका कुजक्या पट्टीवरून हात फिरवत होते. ते मला पाहवलं नाही.

चहाचा ट्रे हातात तसाच धरून मी म्हणाले, लाकूड काढलं तरी लाकूड ठेवता येईल. आणि वडिलांचं काम सांगितलं. सांगताना माझा हेल किती वाढला कोण जाणे, पण कुणी हसलं नाही.

डॉक्टर 'जमलं तर बघा' म्हणून गेल्यावर मामा म्हणाले, "एक बाजू कर. जमली तर दुसरी तुझीच. न्हाई जमली तर पांढरा मारू, आन् पुन्हा गाडीपाशी यायचं न्हाई."

मी फणी काढली. पत्र्यावर बदामी रंगाचा थर दिला, तो वाळू दिला, त्यावर अळशीच्या तेलात कालवलेला तपकिरी हात फिरवला आणि ओला असतानाच फणीनं सागवानाच्या रेषा ओढल्या. गाठीसाठी अंगठा टेकवून अर्धा फिरवायचा, ही वडिलांची खूण. शेवटी वॉर्निश. वॉर्निशला धूळ चालत नाही, आणि दिवस मार्चचे, वारा सुटलेला. बाजारातून रिकामी पोती आणली, झटकली, एकमेकांना शिवली आणि गाडीभोवती मांडव घातला. कोकणातल्या माणसाला पोतं म्हणजे पोतंच. हिंगोलीत त्या दिवसांत पोत्यात काय असतं, हे इथल्या तीन वर्षांच्या लेकरालाही ठाऊक होतं.

सकाळी बघते तर वॉर्निशवर सगळी हळद. दारं पिवळीधमक. मामा यायच्या आत बायकोची लाज राखावी म्हणून ह्यांनी धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं आणि फडक्यानं खसाखसा पुसलं. हळदीला सोडा लागला की काय होतं हे मला माहीत होतं, पण मी ओरडेपर्यंत दोन्ही दारं कुंकवासारखी लाल झाली होती. ह्यांचे हातही लाल. मिस्त्री लांबूनच म्हणाला, "हळद झाली, कुंकू झालं, आता नवरदेव कुठंय?"

मी शेडच्या मागे जाऊन बसले. मामा आल्याचं ऐकू आलं. मग पांढऱ्या रंगाच्या डब्याचं झाकण उचकटल्याचा आवाज आला.

परत येऊन मी त्या दारांकडे नीट पाहिलं. कुठे पिवळं, कुठे लाल, मधून तपकिरी रेषा. हे लाकूड मी पाहिलं होतं. माहेरचं पुढचं दार फणसाचं. फणसाचं लाकूड कापतात तेव्हा आतून हळदीसारखं पिवळं असतं, आणि वर्षं जातात तसं लालसर होत जातं. मला येतं ते लाकूड मी सोडून दिलं होतं आणि लोकांना माहीत असलेलं सागवान काढत बसले होते.

"मामा, पांढरा काय, परवाही मारता येईल," मी म्हणाले.

ते डब्यात बघत राहिले. मग झाकण परत दाबून बसवलं. "परवा सांजपर्यंत."

हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून सगळं खरवडून काढलं. ह्यांनी माझ्या बरोबरीनं घासलं. नव्यानं खाली पिवळा थर, वर लालसर तपकिरी हात, कडांना गडद, मुठीजवळ फिकट, जिथे रोज हात लागून लाकूड उजळतं तिथे. या वेळी पोती नाहीत. जमिनीवर पाणी मारलं आणि माझ्या धुतलेल्या चादरी बांधल्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. बरोबर एक मेंढपाळ होता, दोरीला लंगडी शेळी. डॉक्टरांनी चष्मा लावला, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे माझं सागवान न्हाई."

"नाही. फणस आहे. आमच्याकडचा," मी म्हणाले.

मेंढपाळानं पुढे होऊन दाराला नख लावलं. इकडे लाकडाची पारख नखानंच करतात. नख सरकलं. "पत्रा हाय की हे," तो म्हणाला, आणि तरी पुन्हा एकदा तळवा टेकवून बघितला.

डॉक्टर हसायला लागले. "मग दुसरी बाजूबी फणसाचीच करा बाई. अर्धी गाडी इकडची, अर्धी तिकडची, बरं दिसत न्हाई."

ती गाडी पुढे कित्येक वर्षं नरसीपर्यंत, वाड्यावस्त्यांवर फिरली. तिच्यामागे जीपांच्या दारांना, टेम्पोंच्या पाठींना फणीनं लाकूड रंगवून मागणारे आले. तिसरी गाडी आली तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती. नांदेडचा एक हौशी माणूस ती घेऊन आला आणि त्यानं विचारलं, फणसवाल्या बाई कुठं भेटतील? माहेराहून मी आणलेली वस्तू या गावानं ठेवून घेतली, याचे उपकार मी कुणाकुणाचे मानू? मामांचे मानते, ह्यांचे मानते, आणि खरं सांगायचं तर त्या पोत्यांचेही.

डॉक्टर फणस पसंत करून घरी गेले त्या संध्याकाळी मामांनी हातोडी घेतली आणि फळीवर एक खिळा ठोकला. माझ्या हातातून फणी घेऊन त्याला टांगली आणि हात धुवायला गेले. खिळा बाकीच्यांच्या ओळीत, गड्यांच्या उंचीला ठोकला होता. फणी काढायला मला टाचा उंचवाव्या लागायच्या. अजूनही लागतात.