मल्लेशम शेठची आंघोळ आणि अर्थिंग

ईशा, निखिल,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, इस्त्रीचं काम दोन पिनांवर चालतं, तर तिसरी कशाला? उत्तर देताना मला सोलापूर आठवलं आणि हसूच आवरेना. म्हणून लिहून पाठवते.

मी तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवत होते. यंत्रमागवाले अडले की मला बोलवायचे. एका दुष्काळी उन्हाळ्यात मल्लेशम शेठ आले.

"बाई, मशीनला काय झालं न्हाय, एवढं तुमी येऊन सांगा. मग त्या नाटकं करणाऱ्या नरसव्वाला मी घरी बसवतो."

नरसव्वा त्यांच्याकडे मशीनवर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायची. मशीन चावतं, म्हणजे शॉक देतं, म्हणून तिने काम थांबवलं होतं. तिचं बघून बाकीच्या बायकाही हात लावेनात.

"मग मला कसं चावत न्हाय?" शेडमध्ये शिरताच शेठ मशीनवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या पायांत जाड रबरी चपला होत्या. बायका अनवाणी. सूत तुटू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडलेलं.

मी म्हटलं, "शेठ, रबरातून वीज जात नाही. लोखंडातून जाते, ओल्या फरशीतून जाते आणि माणसातूनही जाते. मोटर जुनी झाली की थोडी वीज मशीनच्या अंगात उतरते."

"असं व्हय?" म्हणत त्यांनी चपला काढल्या. मी थांबा म्हणेपर्यंत बोट लावलंसुद्धा.

"अय्यो!"

शेठ थेट सुताच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले.

"नाटकं करायलेत मालक," नरसव्वा म्हणाली.

मी आधी मेन स्विच बंद केला. मग अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला. अर्थिंग म्हणजे उतरलेल्या विजेला जमिनीत जायची सोपी वाट. खड्ड्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. ओली, खारट माती वीज वाहून नेते, कोरडी नेत नाही. ही तर भाजलेल्या विटेसारखी झाली होती.

"यात रोज बादलीभर पाणी पडलं पाहिजे."

"प्यायला न्हाय बाई, आन् खड्ड्याला पाजू?"

"आंघोळ करता ना?"

"करतो की!"

"मग इथे करा."

शेठ नरसव्वाकडे बघू लागले. ती पदरात तोंड लपवून हसत होती. शेवटी खड्ड्याशेजारी दगड बसला, आडोशाला पत्रा लागला आणि नरसव्वा कामावर राहिली. मोटरी एकेक करून रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार बदलायला, पाठवायचं ठरलं. मी तिला टेस्टर दिला. तो मशीनला टेकवायचा, आत दिवा लागला तर मशीनला हात लावायचा नाही.

थंडीत शेवटच्या मोटरीसाठी गेले, तेव्हा नरसव्वा टेस्टर उंच धरून अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

"मालक! आज बी आंघोळ न्हाय?"

"गार लई हाय गं!"

"मग आमी बसतो."

शेठ बादली घेऊन पत्र्याआड गेले.

अर्थिंग कोणाच्या आंघोळीवर सोडू नये, एवढंच मी त्यातून शिकले. तुमची तिसरी पिन इस्त्रीत उतरलेल्या विजेला हीच जमिनीची वाट देते. ती मोडून प्लग लावू नका.

ते माग केव्हाच भंगारात गेले. शेडही राहिली नाही. आंघोळीचा दगड मात्र अजून त्या अंगणात आहे.